मिनिटाला एकतीस

तारेला सात वेढे होते. साधी जस्ताची तार, जाडी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. प्रेसच्या डाव्या बाजूच्या हिरव्या बटणावर आधी लाकडाची एक चकती बसवली होती आणि चकतीवरून, खालच्या डबीच्या मागून, ती तार सात वेळा फिरवून पकडीने पिळली होती. पिळाचं टोक आत दुमडलं होतं, बाही अडकू नये म्हणून. कुणीतरी हे काम सावकाश, मन लावून केलं होतं. मी वेढे मोजले, कारण समोर काही दिसलं की मोजायचं ही माझी जुनी खोड आहे. मग गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि त्या मुलीला म्हटलं, "तू तुझं काम कर, माझ्याकडे बघू नकोस." चाळीस टनी प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा साच्यावर येतो. म्हणजे तो येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, साच्याच्या बाहेर. एक बटण कायमचं दाबून ठेवलं की डावा हात मोकळा होतो. मग उजव्याने बटण, डाव्याने पत्रा आत, बिजागरीचं पान कापलं गेलं की डाव्यानेच बाहेर. दोन्ही बटणं वापरून त्या प्रेसवर मिनिटाला अठरा ठोके होतात, फार तर एकोणीस. हे मला पुरतं माहीत होतं. मी घड्याळ सुरू केलं.

मी ज्या खात्यात आहे ते देशातली यंत्रं मोजतं. किती आहेत, किती वर्षांची आहेत, सगळी एकदम चालवली तर वर्षाला किती माल निघेल. पूर्वी हे काम टेबलाशी बसून व्हायचं. यंत्र कुठल्या साली आलं ते पाहायचं, त्याला पंचवीस वर्षांचं आयुष्य द्यायचं, दर साली थोडं थोडं मारत आणायचं आणि पंचविसाव्या वर्षी यादीतून खोडायचं. हे गणित श्रीमंत देशांत बसून कुणीतरी केलेलं. तिथे यंत्रं बहुधा वेळेवर मरत असतील. आमच्याकडे मरत नाहीत. त्यांना जोड देतात, दुसऱ्या यंत्राचे अवयव लावतात, चिंध्या कोंबतात, शिव्या देतात, आणि ती चालतात. मी पदार्थविज्ञान शिकून इथे आले होते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी साधी वजाबाकी करून दाखवलं की एक तृतीयांश माल अशा यंत्रांतून निघतो आहे जी आमच्या कागदावर केव्हाच मेली आहेत. साहेब म्हणाले, "मग काय करावं म्हणता?" मी म्हटलं, जाऊन बघावं. घड्याळ लावून मोजावं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर एक रकाना वाढला, 'प्रत्यक्ष कमाल': तपासनिसाने स्वतः उभं राहून एका मिनिटात मोजलेले सर्वांत जास्त ठोके. रकाना माझा, शब्द माझे. साहेबांना बढती मिळाली आणि मला केबिन, खिडकी नसलेली. पुढे कारखान्यांना सरकारी पत्र्याचं वाटप त्या रकान्यावरून व्हायला लागलं. ज्याची क्षमता जास्त त्याला पत्रा जास्त, आणि त्यात गैर काही नव्हतं. पहिल्या वर्षी सरासरी एकोणीस आली. दुसऱ्या वर्षी तेवीस. चौथ्या वर्षी अठ्ठावीस. एकही नवं यंत्र न येता देशाची क्षमता दीडपट झाली. साहेबांनी तो आलेख परिषदेत पडद्यावर दाखवला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात मी पहिली तार पाहिली होती, चमच्यांच्या एका कारखान्यात. फॉर्मच्या समासात पेन्सिलीने लिहिलंही होतं, 'डावं बटण बांधलेलं'. मग लक्षात आलं की फॉर्मवर शेऱ्याला जागा नाही. जागा मीच ठेवली नव्हती, तपासनीस गप्पा लिहीत बसतात म्हणून. मी ते खोडलं आणि खोडरबराचा चुरा फुंकून टाकला. याला आता दोन वर्षं झाली. दोन वर्षांत मी दर महिन्याला ठरवत होते की साहेबांना सांगायचं, आणि दर महिन्याला कुठला ना कुठला तक्ता पुरा व्हायचा राहिलेला असे.

ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची होती. शेजारच्या प्रेसवर तिची बहीण होती, म्हणून सगळा कारखाना दोघींना थोरली आणि धाकटी म्हणे. मीही तेच म्हणत आले. धाकटीला लय सापडली होती. पत्रा, बटण, ठोका, पान. पत्रा, बटण, ठोका, पान. खांदे हलत नव्हते, फक्त कोपरापासून पुढे सगळं चाललेलं. असं काम बघताना मला बरं वाटतं, हे मी लपवत नाही. लंबकाकडे बघताना शाळेत जसं वाटे तसं. सुपरवायझर माझ्या मागे उभा राहून पुटपुटत होता, "शाबास, अजून, अजून." मी सत्तावीस मोजले, अठ्ठावीस मोजले. एकोणतिसाव्याला पान साच्यात तिरपं अडकलं. ते काढायला तिचा डावा हात आत गेला आणि उजवा, सवयीने, लयीने, बटणावर. तिसावा ठोका अठ्ठावन्नाव्या सेकंदाला पडला. त्याचा आवाज वेगळा होता. पत्र्याचा आवाज कोरडा असतो. हा ओला होता आणि आत काहीतरी मोडल्याचा. तिचं अंग आखडलं, उजवा पंजा बटणावर तसाच घट्ट आवळला गेला, आणि बटण दाबलेलं राहिलं तर ती जुनी प्रेस पुन्हा पडते. ती पुन्हा पडली. साठावा सेकंद. मी घड्याळ थांबवलं. मी दुसरं काही केलं नाही. ओरडले नाही, धावले नाही. अंगठ्याने घड्याळाचं बोंड दाबलं, अगदी वेळेवर, आणि माझ्या डोक्यात शांतपणे आकडा उमटला.

मेन स्विच थोरलीने ओढला. मग ती मागे धावली आणि प्रेसचं जड चाक दोन्ही हातांनी उलटं फिरवायला लागली. ठोकळा खाली असताना प्रेस बंद पडली की हात सोडवायला दुसरा उपाय नसतो. चाक तिच्यापेक्षा उंच होतं. ते अंगुळ अंगुळ सरकत होतं, धाकटीचा आवाज चढत चढत अशा जागी गेला जिथे माणसाचा आवाज आहे असं ओळखू येत नाही, आणि मग एकदम थांबला. चाकाला लोंबकळलेली थोरली माझ्याकडे बघून म्हणाली, "किती झाले?" मला कळलं नाही. "मोजत होता ना बाई तुम्ही? किती झाले?" "एकतीस," मी म्हटलं. मी खरोखर उत्तर दिलं.

त्यानंतरची दहा मिनिटं माझ्याकडे तुकड्यांनी आहेत. धाकटीला पत्रे वाहायच्या गाडीवर घालून नेलं. गाडीच्या चाकाची एक बाजू पुसट लाल पट्टा सोडत गेली, दर फेरीला एक, सारख्या अंतरावर. सुपरवायझर म्हणाला, "लक्ष कुठे होतं हिचं?" एवढंच म्हणाला. मग कुणीतरी त्याच्या तोंडावर बिजागऱ्यांनी भरलेला खोका मारला. तो खाली बसला तेव्हा चौघांनी त्याला केसांना धरून भंगाराच्या पिंपापर्यंत ओढत नेलं आणि त्याचं तोंड कापलेल्या पत्र्याच्या कडांत दाबलं, काढलं, दाबलं. त्यातला एक जण रडत होता आणि दाबत होता. दुसऱ्या दोघांनी घण आणला आणि प्रेसवर घातला. ओतीव बीड आहे ते. लोखंडासारखं वाकत नाही, तडकतं. सहाव्या घावाला चौकटीला तडा गेला, अकराव्याला वरचा खांदा तुटून पडला आणि फरशी फुटली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मला भीती वाटत होती असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. प्रत्येक घावाला माझ्या पोटात काहीतरी गोड हलत होतं. अकरा घाव मी मोजले आणि आणखी हवे होते. मनात त्याच वेळी एक थंड बाई म्हणत होती, देशाच्या यंत्रसाठ्यातून एक वजा, चाळीस टनी, बत्तीस वर्षांची, कागदावर सात वर्षांपूर्वीच मेलेली, म्हणजे वजा करायलाही काही नाही. फाटकाजवळ पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून मी फॉर्म भरला. प्रत्यक्ष कमाल: एकतीस. खाली सही. अक्षर नेहमीसारखंच आलं.

घरी बाबा होते. बाबा म्हणजे एक पलंग, एक खिडकी आणि एक डावा हात, एवढंच आता उरलं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताला तीन बोटं आहेत. करंगळी आणि शेजारचं बोट मी दुसरीत असताना प्रेसमध्ये गेली. शाळेत बाकीच्या मुलींच्या गालावर कधी बापाच्या हाताचे वळ दिसले तर ते चार-पाच असत. माझ्या गालावर तीन, कारण मारायला बाबा तोच हात उचलत. वर्गात एकदा एक मुलगी म्हणाली, "तुला कुणी पक्ष्याने मारलं का ग?" आणि सगळ्या हसल्या, मीही हसले. आईच्या बाबतीत ते हातावर थांबत नसत. तिचं गळ्याखालचं हाड दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी ते वाकडंच जुळलं आणि तिथे कातडीखाली एक छोटा उंचवटा राहिला. त्यावरून मी लहानपणी बोट फिरवत असे आणि ती म्हणे, "नको ग, गुदगुल्या होतात." गुदगुल्या होत नव्हत्या. आता मी सकाळ-संध्याकाळ या माणसाला भरवते, पुसते, कुशीवर वळवते. मऊ भाताचा चमचा कधीकधी दातांवर जरा जोरात लागतो. कधीकधी म्हणजे आठवड्यातून तीनदा. हे कुणाला दिसत नाही आणि याला कुठला रकाना नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आत कारखान्याचा मालक बसला होता, स्वच्छ कपडे, समोर न प्यायलेला चहा. तो उठून उभा राहिला. "या बाई. तुमच्यावर फारच कठीण प्रसंग आला हो आमच्याकडे. घरच्या पाहुणीसारखं करायचं तर हे भलतंच." मी बसले. तो म्हणाला, "तुमचा आकडा आम्हाला मान्य आहे. एकतीस. मी तर म्हणतो, अभिमान आहे. फक्त चौकशीत काय आहे, त्या वेळी मशीन अठरानेच चालू होतं."

"एकाच मिनिटाचे दोन आकडे?" मी विचारलं.

"तुमचं खातं वेगळं, चौकशीवाल्यांचं खातं वेगळं. एकाचं लिहिलेलं दुसरा कधी वाचतो का?" तो हसला आणि साहेबांकडे वळला. "काय साहेब, वाचता?"

"नाही वाचत, हे खरंय," साहेब म्हणाले, आणि त्यांनाही हसू आलं.

"आणि तार?" मी म्हटलं.

"तार तिनेच बांधली. सोयीसाठी. तरुण मुलं, ऐकतात कुठे? वर माणसं भडकवून मशीन फोडलं. तिच्यावर आम्ही तक्रार दिलीच आहे."

मालक गेल्यावर साहेबांनी दार लावलं. ते वाईट माणूस नाहीत. बाबांच्या आजारात त्यांनी मला तीन महिने दुपारी घरी जाऊ दिलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलायचं नाही. कुणी सांगितलंय खोटं बोलायला? एका कारखान्याची माहिती बाहेर सांगायची नाही, ही शपथ आपण सगळ्यांनी घेतलीय. नव्या पोरांना ती तुम्हीच देता. बरोबर? चौकशीत एवढंच म्हणायचं, मी शपथेने बांधलेली आहे. संपलं. खरंही नाही, खोटंही नाही."

"आणि बोलले तर?"

"तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. नोकरी जाईल, वर खटला होईल. आणि बाई, तुमच्या वडिलांना कुशीवर कोण वळवणार आहे?" हे त्यांनी हळू, खरोखर काळजीने विचारलं. "शिवाय सहा वर्षांचे आकडे आहेत त्या रकान्यावर उभे. सगळा आलेख खाली येईल. देशाला एवढं दरिद्री करून तुम्हाला काय मिळणार?" चौकशी सोमवारी होती. मी म्हटलं, बघते. 'बघते' हा माझा शब्द आहे. त्यात मी दोन वर्षं राहिले आहे.

रविवारी दुपारी थोरली घरी आली. पत्ता कुठून मिळवला मी विचारलं नाही. दारातच म्हणाली, "बसत नाही," आणि आत येऊन टेबलाशी बसली. तिच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. चाकाने सोलले होते. मी पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही, पेला फक्त हातांनी झाकून धरला.

"मनगटाच्या वरून कापला," ती म्हणाली. "झोपेत पत्रा ढकलते अजून. त्याच हाताने." तिने पेला टेबलावर ठेवला. "तार तिने बांधली म्हणतात. मशीन फोडायला तिने भडकवलं म्हणतात. हात साच्यात असताना भाषण दिलं का हो तिने?"

"ते टिकणार नाही," मी म्हटलं.

"का नाही टिकणार? सगळ्यांनी लिहून दिलंय. पोट आहे सगळ्यांना. बाहेरची तिथे एकच होती, ती तुम्ही." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला आम्ही काय म्हणतो माहितीय? घड्याळवाली. घड्याळवाली यायची असली की आदल्या दिवशी कळतं. मग सुपरवायझर स्वतः पकड घेऊन ओळीने फिरतो. एरवी अर्ध्यांच्याच बांधलेल्या असतात, आणि त्याही ढिल्या. तुम्ही यायच्या दिवशी सगळ्यांच्या, करकचून. तुम्ही गेलात की आम्ही पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या राहतो."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर म्हणता, माझ्याकडे बघू नकोस."

मग तिने जे केलं ते इतकं सावकाश केलं की मला हात काढून घेता आला असता. तिने माझा डावा हात मनगटाला धरून टेबलावर सपाट ठेवला, दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताची मूठ वर नेली. "हा तिसावा," ती म्हणाली. मूठ खाली आली. पेल्यातलं पाणी उडालं. "हा एकतिसावा." दुसऱ्या वेळी करंगळीच्या मुळाशी बारीक, कोरडा आवाज झाला. कळ खांद्यापर्यंत गेली आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी हात काढला नाही. मला वाटतं, ती आणखी मारील अशी मी वाट बघत होते. तिने माझं मनगट सोडलं. तिच्या पट्टीतून रक्त उमटलं होतं. ते बघून ती म्हणाली, "ओल्या फडक्यात बांधा, सूज उतरेल," आणि चपला घालून गेली. दार तिने हळूच ओढून घेतलं, आजारी माणूस असलेल्या घराचं ओढतात तसं.

"कोण होतं ग?" आतून बाबा. जीभ जड झाली आहे, पण आवाजातला हुकूम तसाच आहे. "टेबल कोण बडवत होतं?"

मी ताट घेऊन आत गेले. हात सुजायला लागला होता. पहिल्या दिवशी मी त्यांना अपघाताबद्दल काही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, चमचे भरवता भरवता, क्रमाने, प्रयोगाची नोंद वाचावी तसं. ते चावत ऐकत होते.

"फ्रेम बीडाची?" त्यांनी विचारलं.

"हो. फोडली लोकांनी. अकरा घाव."

"गाढवं आहेत. बीडाला जोड बसत नाही." त्यांना खरंच वाईट वाटलं. "सोन्यासारखं मशीन."

"मुलीचं विचारलं नाहीत."

"मुलीचं काय विचारायचं? गेला ना हात? मग झालं." त्यांनी घास गिळला. "लिहून दे म्हणावं. चूक माझी, असं. लिहून दिलं की कामावर घेतात. पाणी वाटायला, झाडायला, कशाला तरी घेतात. मी दिलं होतं."

"काय दिलं होतं?"

"लिहून. आमच्या वेळी बटणं कुठली? मनगटाला चामड्याचे पट्टे असायचे, दोरीला बांधलेले. ठोका येताना हात मागे ओढायचे. फोरमन म्हणाला, पट्टे काढा, माल निघत नाही. काढले. बोटं गेल्यावर तोच फोरमन दवाखान्यात आला कागद घेऊन. त्यात लिहिलेलं, पट्टे मी माझ्या मर्जीने काढले होते." बाबांचा तोंडाचा चांगला कोपरा हलला. "सही काय झोकात केली होती. उजवा शाबूत होता ना. त्या सहीवर फिटर झालो. त्या सहीवर तू शिकलीस, बाईसाहेब. फुकट नाही झालीस शास्त्रज्ञ."

मी चमचा ताटात ठेवला. मला पहिली थप्पड आठवत होती. आतापर्यंत ती वयाने आठवायची, त्या क्षणी महिन्याने आठवली: बाबा दवाखान्यातून आले त्याच महिन्यात. पाटीवर मी पाच बोटांचा हात काढला होता म्हणून. त्याआधी, मी कितीही मागे गेले तरी, त्यांनी मारल्याची एकही आठवण नाही. उलट खांद्यावर घेतल्याची आहे, तेलाच्या वासाची आहे. वजाबाकी साधी होती. सात वर्षांची मुलगीही करू शकली असती. "आईला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"तिला काय माहीत नव्हतं? तीच म्हणायची, जाऊन खरं सांगा, खरं सांगा. रोज. जेवताना, झोपताना. मग काय करणार माणूस?"

"हाड मोडणार," मी म्हटलं.

त्यांचा हात उठला. चाळीस वर्षांची सवय. पलंगावर पडल्या पडल्या, तीन बोटं ताठ. तो माझ्या गालापर्यंत पोचण्याआधी मी तो धरला आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर दाबला. माझ्या सुजलेल्या हाताने, आणि तो पुरेना तेव्हा दुसऱ्याही. मी दाबत राहिले. बोटांच्या हाडांची जागा मला नीट कळत होती, कुठे दाबलं की काय तुटेल तेही. त्यांचे डोळे मोठे झाले. त्या डोळ्यांत राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि त्याच्या खाली एक प्रकारची ओळख होती, आपल्याच घराण्यातलं कुणी लांबून येताना दिसावं तशी. हीच ती गोड हालचाल, पोटातली, प्रेस फुटताना झालेली. "सोड," ते म्हणाले. मी सोडलं नाही. "सोड ग," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी त्यात आईचा सूर होता. मी सोडला. हातावर कडेची लाल रेघ उठली होती. मी ती धुतली, मलम लावलं, ताट उचललं, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. उद्या मी गप्प बसेन, मग परवाही, आणि त्यानंतर एखाद्या दुपारी मी हा हात सोडणार नाही. हे मला एखाद्या मोजमापासारखं स्वच्छ दिसत होतं. माझ्या धैर्याबद्दल मला काहीच माहिती नव्हती. या दुसऱ्या गोष्टीबद्दल होती.

सोमवारी शेजारणीला बाबांजवळ बसवून मी गेले. चौकशीची खोली लांबट होती, खुर्च्या कमी. चौकशी अधिकारी डोळ्यांत औषध घालून बसले होते, मधूनमधून रुमालाने टिपत. एका कोपऱ्यात टंकलेखक. मालक पुढे, त्याच्या शेजारी सुपरवायझर, चेहऱ्याची एक बाजू टाक्यांनी शिवलेली, गिळायलाही त्रास होत असलेला. साहेब मागच्या भिंतीशी, खात्याच्या वतीने. धाकटी खिडकीजवळ बसली होती. डावी बाही कोपराखाली दुमडून पिनेने अडकवलेली. थोरली तिच्या पाठीशी उभी. धाकटीने माझ्याकडे बघितलं नाही. बघू नकोस म्हटलं होतं मी तिला, आणि तिला बहुतेक ते अजून पाळायचं होतं.

"तुम्ही त्या वेळी तिथे होता," अधिकारी म्हणाले. "मोजणी करत होता. यंत्र किती ठोक्यांनी चाललं होतं?"

साहेब खाकरले. "त्या शपथेने बांधलेल्या आहेत. कायदा आहे तसा."

"मी त्यांना विचारलं." अधिकाऱ्यांनी डोळे टिपले. "बांधलेल्या आहात?"

"हो," मी म्हटलं.

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्यासारखं झालं. मालकाने पाय सैल केले. टंकलेखकाने कागद सरळ केला आणि अधिकाऱ्यांनी सांगायला सुरुवात केली, "साक्षीदार शपथेने बांधलेल्या असल्याने..." यंत्राची टकटक सुरू झाली. थोरली माझ्याकडे बघत नव्हती आता. वाकून धाकटीच्या बाहीची पिन पुन्हा नीट लावत होती, तिथून निघायची तयारी. तिच्या बोटांना पट्ट्यांमुळे पिन धरता येत नव्हती. धाकटीने आपला उजवा हात वर आणला आणि पिनेचं दुसरं टोक धरलं. दोघी मिळून ती लावत होत्या, दोन माणसांचे दोन हात, आणि ती लागत नव्हती.

"थांबा," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "ते वाक्य खोडा. बांधलेली आहे, आणि मोडते आहे."

"बाई, विचार करा," साहेब मागून म्हणाले.

"दोन वर्षं केला." मी उभी राहिले. टंकलेखक माझ्याकडे बघत होता, म्हणून मी त्यालाच सांगायला लागले, शब्द तुटक, त्याला लिहिता यावेत असे. "मिनिटाला एकतीस ठोके. मी मोजले. डावं बटण बांधल्याशिवाय त्या प्रेसवर एकोणिसाच्या वर जात नाहीत. ते बांधलेलं मी मोजणीच्या आधी पाहिलं, आणि तरी मोजलं. तार तिने बांधलेली नाही. मी यायचे म्हणून बांधत, तिथे आणि सगळीकडे. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. दोनशे बारा कारखान्यांचे फॉर्म माझ्या कपाटात आहेत, प्रत्येकावर सही माझी आहे, आणि किल्लीही माझ्याकडेच आहे. आता लगेच चला, मी कपाट उघडून देते."